मायले बरं वाटस का? डिमेन्शिया असलेल्या माणसाचं जगणं कसं चाललंय ते घरी कसं बघायचं

आमच्या मायला डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती जाण्याचा आजार, आहे हे कळून चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत घरी जो येतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "ओळखतात का?" मग ओट्यावर बसलेल्या मायच्या तोंडासमोर तोंड नेऊन "सांगा बरं मी कोण?" हे तर ठरलेलंच. ओळखलं तर पाहुणा खूश, नाही ओळखलं तर माझ्या बायकोकडं बघून च्च च्च करणार आणि चहा पिऊन अमळनेरच्या गाडीला लागणार. मी पण सुरुवातीची दोन वर्षं हेच करत होतो, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी परीक्षा, आज वार कोणता, काल कोण आलं होतं, माझं नाव काय. मायनं चुकीचं सांगितलं की माझा दिवस खराब, आणि तिचा तर त्याआधीच खराब झालेला असायचा, कारण कोणीतरी सकाळी सकाळी आपल्याला काहीतरी विचारतंय आणि आपण नापास होतोय एवढं तिला बरोबर कळायचं.

मग एकदा धुळ्याला दाखवायला नेलं तर तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "यांचा दिवस कसा जातो? करमतं का यांना?" आणि मला सांगता येईना. गोळ्यांची नावं पाठ, शुगर पाठ, स्कॅनचा रिपोर्ट पिशवीत, पण मायला करमतं का हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिथून मायचा दिवस कसा जातो ते वहीत लिहून ठेवायचा हा उद्योग सुरू झाला. माझं कृषी केंद्र आहे, मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे घरातल्या माणसानं घरातल्या माणसांसाठी लिहिलंय असं समजा. ६० च्या वरच्या वयात भारतात साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाखाच्या आसपास, असा अंदाज २०२३ मधे आला, तेव्हा आपल्या गल्लीत पण एखादं घर असणारच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. स्मरणशक्तीचे मार्क वेगळे आणि जगण्याचे मार्क वेगळे. दवाखान्यात जी ३० मार्कांची टेस्ट घेतात (तारीख सांगा, उलटी वजाबाकी करा, तीन शब्द लक्षात ठेवा) ती मेंदूचं काम बघते. त्यात पण आपल्या बायाबापड्यांवर अन्याय होतो. मायला एका दवाखान्यात "वाक्य लिहून दाखवा" म्हणून कागद दिला होता, जिनं जन्मात पाटी धरली नाही तिला. निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हरियाणात बल्लभगढला १९९० च्या दशकात मुद्दाम वेगळी हिंदी टेस्ट बनवली ती याच कारणानं. ते असो. मुद्दा असा की त्या टेस्टमधे कमी मार्क म्हणजे माणूस दुःखात आहे असं नसतं, आणि मार्क बरे म्हणजे सुखात आहे असंही नसतं. अभ्यास करणाऱ्यांना पण हेच दिसलंय, पेशंट स्वतः आपल्या जगण्याबद्दल जे सांगतो ते त्याच्या विसराळूपणाच्या बरोबरीनं खाली जात नाही, त्याचा संबंध जास्त करून मनाच्या उदासीशी लागतो. खरंतर सुरुवातीला, जेव्हा थोडं थोडं समजत असतं की आपलं काहीतरी हरवतंय, तेव्हाच माणूस जास्त खचतो, आमच्याकडं तरी तसंच झालं.

हे मोजायची तयार साधनं आहेत बरं का, मी काही नवीन शोधलं नाही. सगळ्यात जास्त वापरात आहे ते क्यूओएल-एडी नावाचं, रिबेका लॉग्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात बनवलेलं. त्यात फक्त १३ विषय आहेत: तब्येत, अंगातली ताकद, मन, राहतं घर, स्मरणशक्ती, कुटुंब, नवरा-बायको, मैत्र, स्वतःबद्दल काय वाटतं, घरकाम जमतं का, मौज म्हणून काही करता येतं का, पैसा, आणि सगळं मिळून आयुष्य. प्रत्येकाला चार दर्जे, वाईट, ठीक, चांगलं, एकदम छान, म्हणजे १ ते ४ मार्क, एकूण १३ ते ५२. पेशंटला समोर बसवून विचारायचं आणि सांभाळणाऱ्यानं वेगळा कागद भरायचा. दुसरं इंग्लंडचं डेमक्वॉल, ते २८ प्रश्नांचं, आणि घरच्यांसाठीचं ३१ प्रश्नांचं, त्यात गेल्या एका आठवड्याबद्दल विचारतात. ही साधनं नीट वापरायची असतील तर डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टकडूनच करून घ्या, त्याचे नियम असतात. मी खाली सांगतोय ती त्याच विषयांवर बसवलेली घरगुती पद्धत आहे, तिच्या आकड्याची कुठल्या रिपोर्टशी तुलना करू नका.

विचारायचं कसं

आधी कान आणि डोळे. गंमत नाही, आम्ही सहा महिने "माय आता काही समजत नाही" म्हणत होतो आणि कानात मळाचा गोळा निघाला. चष्मा पुसलेला हवा, कवळी असेल तर बसवलेली हवी, लघवीला जाऊन आलेली हवी. वेळ सकाळची, चहा झाल्यावर. संध्याकाळी दिवेलागणीला विचारायचंच नाही, त्या वेळेला यांची घालमेल वाढते, आमची माय पाच वाजले की पिशवी भरायला लागते, "माले घर जानं शे," आणि त्या वेळेला विचाराल तर सगळं जगच वाईट असं उत्तर येईल. पाहुण्यांसमोर नको, सुनेसमोर पण नको. म्हणजे सून वाईट असते म्हणून नाही, पण सुनेसमोर सासू खरं बोलत नसते हे डिमेन्शियाच्या आधीपासूनचं आहे.

भाषा ही सगळ्यात मोठी गोष्ट. दवाखान्यात "आपली मनःस्थिती कशी असते?" असं विचारलं की माय माझ्याकडं बघते. तेच मी "माय, आज कसं वाटस? करमस का?" म्हटलं की बोलते. आजार पुढं गेला की बऱ्याच जणांची नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणीची राहते, मग ती आमच्यासारखी अहिराणी असो, रावेर-यावलकडची लेवा बोली असो, नंदुरबारला भिली, पावरी, नाहीतर गुजरी असो. माणूस ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत विचारा. शहरात वाढलेल्या नातवाला ती येत नसेल तर गल्लीतली एखादी म्हातारी बोलवा, तिला जे सांगतील ते तुम्हाला सांगणार नाहीत.

आता दर्जे. वाईट-ठीक-चांगलं-छान हे मायला काही जमेना, सगळ्यालाच "बरं शे" म्हणायची. आपल्याकडं बरं आहे हे उत्तर नसतंच, तो रामराम असतो. मग मला आणे सुचले. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. बरोबर चार दर्जे, चार आण्याला एक मार्क, सोळा आण्याला चार! ७० च्या पुढच्या माणसाला हे हाडात बसलेलं असतं, मायला माझं नाव आठवत नाही पण सोळा आणे म्हणजे पूर्ण हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. मी चार वाट्या ठेवल्या, एकीत थोडेसे शेंगदाणे, मग थोडे जास्त, मग अजून जास्त, चौथी भरलेली, आणि विचारलं, जेवण कितीचं गोड लागतं, हात लाव. ती हात लावते. कधीकधी दाणे खाऊन टाकते, मग उत्तर गेलं, दुसऱ्या दिवशी विचारायचं.

एकावेळी चार-पाचच विषय घ्या. कंटाळली की थांबा. आणि होला हो लावते का बघायला प्रश्न उलटून विचारा, आधी "करमतं का?" मग दोन विषय सोडून "कंटाळा येतो का?" दोन्हीला हो आलं तर त्या दिवशीचं ते उत्तर धरू नका. मधे मधे "बरोबर", "शाब्बास", "असं कसं माय, परवा तर हसत होतीस" हे अजिबात म्हणायचं नाही. तिनं चार आणे म्हटलं तर चार आणे. ती म्हणाली "मनासंगे कोनी बोलस नही," तर घरात सात माणसं तिच्याशी दिवसभर बोलतात हे सिद्ध करत बसू नका, लिहून घ्या. मी पहिल्या वेळेला वाद घातला होता. नंतर नीट बघितलं तर खरंच, आम्ही सगळे तिला सांगत होतो. ऊठ, जेव, गोळी घे, इकडं नको जाऊ. बोलत कोणीच नव्हतं.

काही विषय आपल्याकडं जसेच्या तसे विचारता येत नाहीत. नवरा-बायकोचा प्रश्न विधवा बाईला काय विचारणार, तिथं मूळ पद्धतीतच सोय आहे की जोडीदार नसेल तर सगळ्यात जवळच्या माणसाबद्दल विचारायचं. मायसाठी ते माणूस म्हणजे माझी ताई निघाली, जी सुरतला उधन्यात असते, मी नाही जो रोज घरात असतो. लागलं थोडं. घरकामाचं पण तसंच, "घरकाम जमतं का" असं विचारलं की माय म्हणते सगळं मीच करते, आणि दहा वर्षांत ती चुलीजवळ गेलेली नाही. म्हणून काम समोर ठेवून विचारा. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, वाती वळणं, मेथी निवडणं. पुरुष माणूस असेल तर सुतळीचा गुंडा, जुने नटबोल्ट, गोठ्यावर चक्कर.

पैशाचा प्रश्न मला फालतू वाटला होता, हिला काय करायचाय पैसा, सगळं तर आपणच बघतो. पण तिथं सारखे चार आणेच यायला लागले. माय आयुष्यभर कापूस वेचायला गेलेली बाई, हप्त्याच्या बाजाराला स्वतःच्या हातानं पैसे मोजलेली, आणि आता कमरेची पिशवी आम्हीच काढून घेतलेली, हरवते म्हणून. दिवसातून दहा वेळा उशी उचकून बघायची ते काय शोधते हे आम्हाला कळत नव्हतं. मग तिला जुन्या लुगड्याची चंची शिवून दिली आणि त्यात दहाच्या दहा नोटा. हरवल्या तर शंभर रुपये, काय मोठं. पुढच्या महिन्यात पैसा, बारा आणे. उशीची उचकापाचक बरीच कमी झाली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी म्हणेन की प्रश्न गाळू नका, आपल्याला फालतू वाटतो म्हणून तर मुळीच नाही.

आता घरच्यांचा कागद

तेच विषय, तेच आणे, पण घरचा माणूस स्वतःच्या नजरेनं भरतो. माझा अनुभव सांगतो म्हणजे कळेल. जूनमधे, पेरणीची गर्दी, दुकानात बियाण्याला रांगा, युरियासाठी भांडणं, रात्री नऊला घरी येऊन मी कागद भरला, बेरीज २४. ताई त्याच हप्त्यात सुरतहून भुसावळ लाइनच्या गाडीनं आली होती, तिची बेरीज ३३. आणि माय स्वतः, ३८. बाई तीच, हप्ता तोच. श्रावणात मला जरा उसंत होती, कानबाईच्या सणासाठी सगळे घरी जमलेले, तेव्हा माझा आकडा ३० आला आणि मायमधे तर काहीच बदल नव्हता. म्हणजे मी मायचं नाही, माझ्या थकव्याचं माप घेत होतो. हे फक्त माझंच नाही, सांभाळणारे पेशंटपेक्षा कमी मार्क देतात असंच बहुतेक ठिकाणी दिसतं, आणि सांभाळणारा जितका दमलेला किंवा उदास तितका त्याचा आकडा खाली जातो.

म्हणून दोन कागद वेगळेच ठेवा, मधला आकडा काढून मोकळे होऊ नका. एकत्र काढायचाच झाला तर क्यूओएल-एडीत पेशंटच्या मार्कांना दुप्पट वजन देतात, यातच काय ते आलं. काही लोक म्हणतील की तिला समजतच नाही तर तिच्या ३८ ला काय अर्थ. समजत नाही हे अर्धं खरं आहे. स्मरणशक्तीला ती बारा आणे देते, ते ऐकून हसू येतं. पण तिला बरं वाटतंय की नाही हे तिला सोडून दुसऱ्या कोणाला माहीत असणार? जिथं दोघांच्या मार्कांत फरक जास्त तिथंच बसून विचार करायचा. आमचा सगळ्यात मोठा फरक राहत्या घराबद्दल होता, मी सोळा आणे दिले (एसी बसवला, कमोड बसवला, टाइल्स) आणि तिनं चार. त्या टाइल्स चमकतात, तिला ते पाणी सांडल्यासारखं दिसतं, म्हणून ती खोलीच्या उंबऱ्यावर अडून बसायची आणि आम्ही म्हणायचो हट्टी झाली. एक गडद रंगाची सतरंजी घट्ट चिकटवून टाकली, कडा न उचलणारी, विषय संपला. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एसी लागतोच, त्याबद्दल मला कोणी काही शिकवू नये, पण घर चांगलं आहे हे बांधणाऱ्यानं ठरवायचं नसतं एवढं कळलं.

अजून एक. कागद कोण भरतो ते बघा. आमच्याकडं पहिले पाच महिने मीच भरत होतो, आणि मायला अंघोळ घालते, कपडे बदलते, रात्री तीनला उठते ती माझी बायको. मला कोणी सांगितलंही नाही की हिला विचार. सहाव्या महिन्यात तिच्या हातात कागद दिला तर तिनं मौज या विषयासमोर लिहिलं, डोक्याला तेल लावलं की गुणगुणते. मला माहीतच नव्हतं की माय अजून गाते!

नुसतं बघायचं

विचारून सगळं कळत नाही, त्याला जोड म्हणून बघणं पाहिजे. इंग्लंडात टॉम किटवुड म्हणून होते, ब्रॅडफर्डला, त्यांनी आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी डिमेन्शिया केअर मॅपिंग नावाची पद्धत काढली. त्यात शिकलेला माणूस कोपऱ्यात बसतो आणि दर पाच मिनिटांनी लिहितो, हा माणूस आत्ता काय करतोय आणि त्याचा मूड कसा आहे, उणे पाच ते अधिक पाच. ते कित्येक तास चालतं. घरी एवढं जमणार नाही, पण अर्धा तास सगळ्यांना जमतो. वही घेऊन ओट्यावर बसा, मोबाइल आत ठेवा. दर पाच मिनिटांनी एक ओळ. माझ्या वहीतलं एक पान देतो:

सकाळी १०.०० भिंतीकडं बघतेय. चेहरा काहीच नाही. १०.०५ तेच. १०.१० दूधवाला आला, "ये भाऊ बठ" म्हणाली, हसली. १०.१५ भिंत. १०.२० पदराला गाठ मारतेय, सोडतेय. १०.२५ शेजारची दोन वर्षांची पोर आली, मांडीवर घेतलं, बोलतेय. १०.३० तेच, पोरीला पाळणा म्हणतेय.

असं चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळेला केलं की नकाशा तयार होतो. मायचा नकाशा असा निघाला की ती मागच्या खोलीत असते तेव्हा भिंत, ओट्यावर असते तेव्हा माणसं. आम्ही तिला पडेल, निघून जाईल म्हणून मागं ठेवत होतो. मग बाज पुढं आणली, ओट्याला छोटं लाकडी फाटक केलं. त्याला खर्च फार नाही, पण ते सुचायला वहीत सात वेळा भिंत लिहावं लागलं.

बघताना लक्ष कशावर? चेहरा, हात, ताटात किती उरलं आणि कोणत्या भाजीचं, कोणी जवळ आल्यावर अंग आखडतं का सैल पडतं. जेवणाकडं विशेष बघा. माय वरण-भात चिवडायची, सगळे म्हणायचे भूक मेली. थंडीत शेतावर भरीत केलं, कळण्याची भाकरी, तर दीड भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी पथ्य म्हणून तिखट बंद सांगितलं असेल तर ते विचारून घ्या, पण फक्त म्हातारी आहे म्हणून सगळं पचपचीत करून टाकू नका.

बोलणं थांबलं असेल तर

इथं प्रश्न नाहीत, फक्त बघणं. यासाठी क्वालिड नावाचं साधन आहे, ११ मुद्द्यांचं, गेल्या सात दिवसांत जो रोज जवळ होता त्याला विचारतात. हसतात का, रडतात का, चेहऱ्यावर त्रास दिसतो का, कण्हतात का, चिडतात का, खाण्यात गोडी आहे का, हात धरलेला आवडतो का, माणसात रमतात का, शांत असतात का. त्यात मार्क उलटे आहेत, ११ सगळ्यात चांगलं आणि ५५ सगळ्यात वाईट, हे लक्षात ठेवा, नाहीतर आकडा वाढला म्हणून पेढे वाटाल.

आणि दुखणं. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं हे सगळ्यात जास्त सुटतं. "कथं दुखस?" विचारून उत्तर येणार नाही. पेनॅड नावाची पाच गोष्टींची यादी नर्स लोक वापरतात: श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेऊन समजावल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. कूस बदलताना, अंघोळीला उचलताना बघायचं, कारण पडून असताना दुखणं लपतं. मारते, चावते, अंघोळीला ओरडते अशी तक्रार असेल तर स्वभाव म्हणण्याआधी गुडघा, दाढ, पाठीवरची जखम, पोट साफ आहे का हे बघा.

एक गोष्ट वहीत लिहीत बसायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, जास्त भ्रमिष्ट झाला, नाहीतर एकदम गुंगीत गेला, तर तो डिमेन्शिया वाढला असं नसतं. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, ताप, अंगातलं पाणी कमी होणं (आपल्या उन्हाळ्यात हे फार), रक्तातलं सोडियम बिघडणं, किंवा नवीन सुरू केलेली गोळी. सर्दी-खाजेच्या काही गुंगीच्या गोळ्यांनी पण यांचं उलट बिघडतं, मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका.

महिनाभर सगळे विषय खालीच जात असतील, खाणं सुटलं, झोप उडाली, आवडीच्या माणसालाही तोंड फिरवतात, तर उदासीचा आजार असू शकतो, त्यावर उपाय आहे. डिमेन्शियातली उदासी मोजायला कॉर्नेल नावाची वेगळी १९ मुद्द्यांची पट्टी असते, ती डॉक्टर लावतील. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येतं, आणि फोनवर बोलायचं तर मनाच्या तक्रारीसाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, दोन्ही फुकट आहेत.

सांभाळणाऱ्यावर किती भार पडतोय ते बघायचा पण कागद असतो, झॅरिट म्हणून, २२ प्रश्न, ० ते ८८. बायकोनं भरला आणि मला दाखवला नाही. दाखवायची गरज नव्हती म्हणा. आता रविवारची अंघोळ मी घालतो आणि महिन्यातून दोन दिवस ती माहेरी जाते, पारोळ्याला. पुण्याचा भाऊ पैसे पाठवतो, त्याला मी सांगितलं पैसे नको पाठवू, चार दिवस येऊन रहा आणि कागद भर.

वही किती दिवसांनी भरायची? महिन्यातून एकदा, ठरलेल्या हप्त्यात, आणि काहीतरी बदललं की (गोळी, खोली, सांभाळणारी बाई) त्यानंतर तीन-चार हप्त्यांनी. एक-दोन मार्क इकडं तिकडं झाले तर काही मानायचं नाही, त्या दिवशी चहात साखर कमी असेल. एका महिन्यात एकच गोष्ट बदला. आम्ही एकदा खोली, खाट, जेवणाची वेळ आणि रेडिओ असं सगळं एकदम बदललं आणि माय आठ दिवस झोपली नाही, आणि कशानं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आखाजीसारख्या सणाच्या हप्त्यात भरलं तर तसं लिहून ठेवा, कारण घर भरलेलं असताना मन चढतं आणि पाहुणे गेल्यावर उतरतं, तो फरक औषधाचा नसतो. दवाखान्यात जाताना वही न्या, डॉक्टरकडं पाच मिनिटं असतात, त्यात "आधीपेक्षा जरा जास्तच आहे" असं सांगण्यापेक्षा दोन पानं दाखवलेली बरी.

या महिन्याचं पान कालच भरलं. मन, बारा आणे. जेवण, सोळा. घर, आठ, चारावरून आलंय. मैत्र, बारा, दूधवाल्याची कृपा. मौज म्हणून शेंगा फोडायला दिल्या होत्या एक पायली, अर्ध्या टोपलीत आणि अर्ध्या पोटात, विचारलं कितीची मजा आली, तर माझ्याकडं बघून म्हणाली "तू कोना शेस रे?" आणि मुठीतले दाणे माझ्या हातावर ठेवले. बायको म्हणाली याचे किती आणे लिहायचे, मी रकाना मोकळा सोडलाय, उद्या सकाळी चहानंतर परत विचारतो.